मायचा कावळा

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की अमरावतीत आमच्या रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. पूर्वी बैलबंड्या असत, आता ट्रक असतात. पण ताडपत्री कितीही आवळून बांधा, कापूस वाटेत सांडतोच आणि काट्यांना अडकून थंडीभर तिथेच फडफडत राहतो. सकाळी फिरायला गेले की मी एखादा पुंजका काढून घेते, आतली सरकी चाचपते आणि उगाच मुठीत धरून घरी आणते. शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं रस्त्यावरचा कापूस गोळा करत हिंडावं हे बिल्डिंगमधल्या लोकांना चमत्कारिक वाटतं. वाटू दे.

परवा असाच पुंजका घेऊन जिना चढत होते, तर समोरच्या घरातली सून, मेघा, ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडे निघालेली. अठरा दिवसांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली आहे. एका हातात बादली, दुसरा हात पोटावर. दारात तिच्या सासूबाई उभ्या होत्या. मला पाहून हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, एकदाची कटकट गेली. आता सणावाराला अडचण नाही. महिनाभर मोकळी!" मी मेघाच्या हातातली बादली घेतली आणि खाली ठेवली. जरा जोरात ठेवली असावी, कारण पाणी सासूबाईंच्या पायांवर उडालं. मी माफी मागितली नाही.

हेच वाक्य मी अकराव्या वर्षी ऐकलं होतं. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात, अशाच कापसाच्या दिवसांत, साठ सालाच्या आसपास. तेव्हा ते वऱ्हाडीत होतं. एवढ्या वर्षांत सुधारली ती फक्त भाषा.

आमच्या घरात तेव्हा दोन बायका होत्या. एक माझी आई. तिला आम्ही माय म्हणत असू. दुसरी माझ्या वारलेल्या थोरल्या काकांची बायको, मोठीमाय. घराच्या किल्ल्या, मसाल्याचा डबा आणि शेवटचा शब्द मोठीमायकडे. ती वाईट नव्हती. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूल नाही, पाळीही लवकर गेली, आणि तेव्हापासून ती चुलीपुढून उठलीच नव्हती. जिला कुणी कधी बस म्हटलं नाही ती दुसरीला बस कशी म्हणेल, हे कळायला माझे स्वतःचे केस पांढरे व्हावे लागले. त्या वेळी मला ती नुसती मोठ्या आवाजाची बाई वाटायची.

घरातल्या बाईला पाळी आली की ती बाहेर बसे. कावळा शिवला, म्हणायचं. ओसरीच्या टोकाला, जिथं वखर आणि डवरे भिंतीला टेकवलेले असत, तिथं एक गोणपाट, एक घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. चार दिवस चूल नाही, विहीर नाही, देव नाही. अगदी लहान होते तेव्हा मी अंगावरचा झगा काढून फेकायची आणि मायच्या मांडीत जाऊन बसायची, कारण नागव्या लेकराला विटाळ होत नाही असा नियम होता. मोठी झाले तशी ती वाट बंद झाली. मग मी चार हात लांब बसायची, आणि माय जुन्या लुगड्यांची वाकळ शिवता शिवता मला गोष्टी सांगायची. राजाच्या, राक्षसाच्या, स्वतःच्या माहेरच्या. इतर दिवशी मायला एकही गोष्ट आठवत नसे.

या प्रथेचं मी कौतुक करते आहे असं कुणी समजू नये. अवजारं ठेवायच्या जागेवर माणसाला बसवायचं, यात कौतुक कसलं? पण माझ्या आईला उभ्या आयुष्यात विसावा मिळाला तो त्याच गोणपाटावर, आणि तेही तिला अपवित्र ठरवून. याचा मला आजही राग येतो.

माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर मायचं अंगावरून जाणं थांबेना. चार दिवसांचे आठ झाले, आठांचे पंधरा. माय अर्धा महिना ओसरीवर, चेहरा चुन्यासारखा, उठली की भिंत धरायची. तिच्या खालचं गोणपाट मोठीमाय काठीनं उचलून उन्हात टाकायची. दोन वर्षं हे चाललं. मग एका दसऱ्याला पाहुणे आले, पुरण शिजून तयार, आणि लाटायला घरात दुसरा हात नाही. तेव्हा कुठे घर हललं. मायचं रक्त जात होतं म्हणून तिला दवाखान्यात नेलं नाही; पोळ्या लाटायला माणूस नव्हतं म्हणून नेलं. हे मी आज स्पष्ट लिहिते आहे, कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासलं आणि पिशवीत गाठी आहेत, पिशवी काढावी लागेल, असं सांगितलं. बाबा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे. मायनं एकच विचारलं, "मंग रगत बंद होईन?"

"होईल."

"मंग काढून टाका."

एवढी धीट माझी आई, पण ऑपरेशननंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिनं नर्सला हळूच विचारलं, "कुठी टाकली वं बाई माही पिशवी? पाच लेकरं राह्यले त्याच्यात. पाहू तरी द्याची होती मले." माय भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडली. शेंदूरजनाघाटाहून माझा मामा संत्र्यांची टोपली घेऊन आला होता. रडून झाल्यावर तिनं एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. त्या वॉर्डातला औषधांचा वास आणि संत्र्याच्या सालीचा वास माझ्या डोक्यात कायमचे एकत्र बसले आहेत.

घरी आणायच्या दिवशी बाबांनी जे केलं ते गावात पुष्कळ दिवस चघळलं गेलं. त्यांनी कापसाची बंडी भरून अकोल्याच्या बाजारात नेली आणि अर्धाच कापूस विकला. व्यापारी म्हणाला, "काहून पाटील, भाव पसंत नाई का?" बाबा म्हणाले, "भाव ठीक हाय. पन उरलेल्यात मानूस न्याचं हाय." आणि त्या कापसात, गाडीच्या मधोमध, त्यांनी मायला निजवलं. रस्ता म्हणजे नुसती चाकोरी आणि दगड. पण टाके पडलेल्या पोटाला धक्का लागला नाही. मी तिच्या उशाशी. तिच्या केसांत, भुवयांवर, ओठांवर कापूस चिकटलेला. हवेत फुलावर आलेल्या तुरीचा हिरवा वास आणि दोन्ही बाजूंनी वावरात वेचणी चाललेली. बायका कंबर सरळ करून आमच्या गाडीकडे बघायच्या. माय मला म्हणाली, "मी पयल्यांदा कापसावर निजून राहिली. आजपावेतो वेचलाच वेचला."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती. मी पाचवीत होते, म्हणून ती वाचायचं काम माझ्याकडे. तीन महिने घागर उचलायची नाही. ओझं घ्यायचं नाही. उकिडवं बसून भाकऱ्या थापायच्या नाहीत. मी घरातल्यांपुढे शाळेतल्यासारखी खड्या आवाजात वाचून दाखवली. मोठीमाय म्हणाली, "डॉक्टरले का चूल लागते?"

पंधरा दिवस तिनं मायला खाटेवर राहू दिलं, हेही खरं. मात्र शेजारणीनं डिंकाचे लाडू करायचं सुचवलं तेव्हा मोठीमाय उसळली, "बाळंतीण हाय का हे, डिंक खाले?"

माय खाटेवरून शांतपणे म्हणाली, "बाई, लेकरू आनलं तं सव्वा महिना उठू नाई देल्लं तुमी. आता लेकराचं घरच काढून देऊन आली, तं लाडू बी नाई?"

लाडू झाले नाहीत. सोळाव्या दिवशी सकाळी मोठीमायनं रिकामी घागर आणून खाटेजवळ ठेवली. "झालं ना आता? तुह्यावाली कटकट गेली. ना बाहेर बसनं, ना काई. तीसही दिवस मोकळी. उद्यापासून पानी तू भरजो."

माय त्या घागरीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले, तर ती ओसरीच्या टोकाला गोणपाटावर बसलेली. अंगावर घोंगडी, शेजारी वेगळं ताट, वेगळा तांब्या.

मोठीमाय शेणाची पाटी घेऊन येत होती, ती जागीच थबकली. "काहून वं सुभद्रे, तिथी कायले बसली?"

"कावळा शिवला."

"तुले? तुही तं पिशवी काढली!"

"पिशवी काढली, बाई. पन कावळ्याले कोनी सांगतलं?"

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. मोठीमायचा चेहरा लाल झाला. खोटं आहे हे तिला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, गोठ्यातल्या बैलांनासुद्धा माहीत असावं. पण आमच्या घरात बाईच्या शब्दावर कसलीही साक्ष न मागता विश्वास ठेवला जायचा अशी ही एकच गोष्ट होती. बाई म्हणाली शिवला, की शिवला. तपासायचं कसं? तिला हात धरून उठवायचं, तर स्वतःला विटाळ. आणि स्वतःला झाला, की चुलीला, पाण्याला, देवाला, सगळ्या घराला. जन्मभर मोठीमायनं ज्या नियमाचा पहारा केला, त्याच नियमाच्या आत जाऊन माय बसली आणि आतून कडी लावून घेतली.

मोठीमाय बाबांकडे गेली. "भाऊजी, तुमी सांगा इले. धादांत खोटं बोलून राहिली."

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "वहिनी, हे बायकाइचं. म्या कसं बोलावं त्यात?" आणि बैल सोडून वावराकडे निघून गेले. बाबा भित्रे होते असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी तरी ते मुळीच भित्रे नव्हते.

पाचव्या दिवशी मोठीमायनं न्हाणीत कढत पाणी काढलं आणि लांबूनच ओरडली, "उठ, न्हाऊन घे." माय म्हणाली, "नाई उतरलं अजून." आठव्या दिवशीही नाही. पंधराव्या दिवशीही नाही. मोठीमाय आदळआपट करायची. मायचं उत्तर ठरलेलं, "पयले बी पंधरा दिवस बसत होतीच ना? तवा नाई कोनी म्हनलं खोटं."

मी तेव्हा मायच्या बाजूची होते असं म्हणायला मला आवडेल. पण मायच्या वाटचं काम माझ्या अंगावर आलं होतं. शाळेच्या आधी लहान घागरीनं पाणी, शाळेनंतर भांडी. भाकरी थापली की कडा फाटायच्या आणि मोठीमाय टोमणे मारायची. एका दुपारी मी संतापून मायपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "तू खोटी हायस. तुले काई नाई झालं." मायनं इकडेतिकडे पाहिलं, लुगड्याच्या निऱ्या खाली सरकवल्या आणि मला पोट दाखवलं. बेंबीपासून खाली, सुतळीनं पोत्याचं तोंड शिवतात तसा लालसर व्रण. "हे पाह्य. अजून आतून वढते. यावर घागर घेऊ का? तू सांग. तू म्हनशीन तं आत्ता उठतो." मी नको म्हणाले. त्यानंतर मी पाण्याबद्दल तक्रार केली नाही. निदान तोंडानं नाही.

त्याच दिवसांत पंचफुला रोज संध्याकाळी यायची. आमच्या वावरात वेचणीला येणाऱ्या बायकांची ती मुकादम होती. तिच्या घरच्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. पहिल्या संध्याकाळी ती सरळ येऊन मायच्या गोणपाटावर टेकली. आतून मोठीमायचा आवाज आला, "शिवू नको तिले, कावळा शिवला तिले!"

पंचफुला हसली. "आमच्या घरचा कावळा आमी दीक्षा घेतली तवाच उडवून देल्ला, मोठ्या बाई. अन् तसा बी तो आमाले कवा कामाचा होता? कावळा शिवो का गरुड शिवो, कापूस वेचाच लागे." मग आवाज खाली करून ती मायला म्हणाली, "बाळंत झाली अन् आठव्या दिवशी वेचणीले गेली मी. गाठोडं डोक्शावर घेतलं अन् पिशवीच खाली आली. तवापासून फडकं बांधून हिंडतो. बसता येत नाई, हसता येत नाई. मले कोनी बस म्हननारं नव्हतं, सुभद्राबाई. तुमी उठू नका. कोनी कितीकबी म्हनो, चिठ्ठीतले दिवस भरल्याबिगर उठू नका."

पंचफुलाच्या बोटांवर बोंडांच्या टोकांनी ओरखडे पडले होते. तो कापूस आमचा होता. आपलं बसणं कुणाच्या तरी वेचण्यावर चाललं आहे, हे मायच्या ध्यानात आलं ते तेव्हाच, असं ती पुढे अनेकदा बोलून दाखवायची. उन्हाळा लागल्यावर ती पंचफुलाला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आल्यावर महिनाभर पंचफुलाच्या घरचं पाणी आमच्या बंडीतून गेलं.

हो, बंडीतून. कारण मधल्या काळात बाबांनी एक शोध लावला होता. माझ्या मानेवर घागर ठरेना, मोठीमायचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यांनी कुठून तरी एक टिपाड, मोठं लोखंडी पिंप, आणलं, बंडीवर चढवलं आणि विहिरीवर नेऊन भरलं. पारावरची माणसं म्हणाली, "काय गा, बायकोनं पाणक्या केला तुले?" बाबांनी बैलांच्या शेपट्या मुरगाळल्या आणि ते पुढे गेले. मायच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. बंडी, बैल आणि विहीर ही तिन्ही चौदा वर्षांपासून होतीच. पुढच्या महिन्यात गावात आणखी दोन बंड्यांवर टिपाडं दिसली.

थंडी वाढली. ओसरीत कापसाचा ढीग छपराला टेकला. आम्ही पोरं त्यावर उड्या मारायचो आणि नाकातोंडात तंतू जाऊन शिंकायचो. पौषातल्या गारठ्यात माय कधी कधी एकदम घोंगडी फेकून द्यायची, कपाळावर घाम. "आतून शेकोटी पेटली," म्हणायची. कधी विनाकारण डोळ्यांत पाणी यायचं. पण गालांवर रंग यायला लागला होता. चेहऱ्यावरची ती चुन्याची कळा गेली. एक दिवस ती वाकळ शिवताना गुणगुणत होती, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या आईला गाता येतं.

संक्रांतीला चिठ्ठीतले दिवस भरले. ती आपण होऊन उठली, न्हाली, मोतिया रंगाचं लुगडं नेसली. डाग दिसेल म्हणून तिनं कैक वर्षांत फिकं लुगडं नेसलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेजारी हळदीकुंकू होतं. मी बरोबर होते. शेजारीण सगळ्यांना कुंकू लावत आली आणि मायपुढे तिचं बोट अडलं. पिशवी काढलेली बाई. लावावं की नाही? मागच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कामाला तीस दिवस पवित्र आणि कुंकवाला कमी, हा हिशेब त्यांना सोयीचा होता.

मायनं कपाळ पुढे केलं. "लाव वं. पिशवी काढली माही, कपाळ नाई काढलं."

शेजारणीनं लावलं. चांगलं रुपयाएवढं लावलं. मोठीमाय आमच्या दारातून हे बघत होती. विधवा म्हणून तिला त्या घरात बोलावणंच नव्हतं. घरी आल्यावर मायनं आपल्या वाणातला तिळगूळ काढून तिच्या हातावर ठेवला. मोठीमाय तो मुठीत धरून आत गेली.

मला वाटलं, आता संपलं. पण पौर्णिमा झाली आणि माय पुन्हा गोणपाटावर. चार दिवस. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा चार. आता टाके भरले होते, अंगात बळ होतं, वावरात दिवसभर उभी राहून ती पंचफुलाच्या बरोबरीनं वेचायची. तरी ते चार दिवस तिनं सोडले नाहीत. मी विचारलं, "आता काहून?" तर म्हणाली, "पयले रगत देऊन मिळत होते. आता तसेच घेतो." त्या चार दिवसांत तिनं माझ्या पुस्तकांवरून वाचायला शिकून घेतलं. पुढे मी अमरावतीला वसतिगृहात राहायला गेले तेव्हा ती एकटी एस.टी.त बसून यायची, वाटेतल्या पाट्या वाचत. काय काय वाचलं ते आल्या आल्या सांगायची.

परवा बादली खाली ठेवल्यावर मी मेघाला माझ्या घरी आणलं, सोफ्यावर बसवलं आणि तिच्या सासूबाईंना सांगितलं की आजपासून महिनाभर दुपारी ती इथं असेल. का, म्हणून त्यांनी विचारलं. कावळा शिवलाय, मी म्हटलं. मला वेड लागलं असावं तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मेघा मात्र हसली, पोट धरून, टाके सांभाळत. मग मी तिला हे सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं राहिलं होतं, ते काल सांगितलं.

ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली होती. पुन्हा वेचणीचे दिवस. मी सुट्टीला घरी आलेली. माय ओसरीच्या टोकाला वाकळ शिवत बसली होती. दिवस चांगलाच वर आला होता. मोठीमाय स्वयंपाकघरातून बाहेर आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात तांब्या, काखेत गोणपाट. पाळी जाऊन तिला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.

"सरक जराशी," ती मायला म्हणाली.

माय बघतच राहिली. "काय झालं, बाई?"

"कावळा शिवला."

मायनं साक्ष मागितली नाही. वाकळ ओढून घेतली आणि सरकली. मोठीमाय गोणपाट अंथरून बसली, पाय लांब केले, आणि तिचे गुडघे कडकन वाजले. आत चुलीवर तवा तसाच होता. बाबांनी एकदा ओसरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाह्या सारून आम्ही दोघं आत गेलो. बाबांनी पहिली भाकरी तव्यावर टाकली. ती कशी उलटायची यावर आमचा वाद होईपर्यंत घरभर करपल्याचा वास सुटला.

"भाकर जळून राहिली!" मोठीमाय ओरडली. मी दारातून पाहिलं, ती एक हात जमिनीला टेकून उठायलाच लागली होती.

मायनं तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"जळू द्या, बाई."